साडेचार बाय तीन

परसात खोली काढायची ठरली
आणि माझ्या स्वयंपाकघराची एकुलती एक खिडकी
तिच्यात बुजणार, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.
मीही लगेच बोलले नाही.
नणंद कायमची येत होती निपाणीहून.
अशा वेळी उजेडाचा हिशोब मांडणारी बाई
कशी दिसते, मला ठाऊक आहे.

तरी मनात मांडलाच.
गावच आमचं किरणं मोजणारं:
पायांशी आली, कमरेपर्यंत चढली,
यंदा कुठली इमारत आडवी आली,
चहाच्या गाड्यावर त्याचीच चर्चा.
माझ्या ओट्यावर ऊन यायचं पाचला,
आधी मिठाच्या बरणीवर, मग परातीच्या कडेला,
सव्वापाचला गेलेलं असायचं.
त्याची बातमी कुठं छापून येत नव्हती.

मिस्त्री म्हणाला, वहिनी, स्लॅबला भोक ठेवू,
मधली भिंत छातीइतकीच, वरून काच.
निम्मा उजेड त्यांना, निम्मा तुम्हाला.
उजेड असा खोबऱ्याच्या वडीसारखा कापता येतो
हे मला त्याच्याकडून कळलं.

उद्यमनगरात जमीर नायकवडींच्या शेडमध्ये
काचा उभ्या होत्या पोत्यांना टेकून,
लग्नात भिंतीकडेला थांबलेल्या बायकांसारख्या.
हिरवट, धुरकट, दुधी,
एकीच्या पोटात तारेची जाळी.
एक दुहेरी, आत हवा कोंडलेली,
ती परवडणार नाही हे तिच्याकडे बघूनच समजत होतं.
नायकवडी एकेकीवर बोटानं टकटक करून
आम्हाला ऐकायला लावत होते,
कलिंगड निवडल्यागत.
ही टफन्ड. फुटली तर खडीसाखर होते, लागत नाही.
हे पॉलिकार्बोनेट. स्वस्त, पण पिवळं पडतं,
आणि पावसात ताशा वाजतो डोक्यावर.

तोवर शालन गप्प होती.
काचेबद्दल काय माहीत आहे का ताई, त्यांनी विचारलं.
"काच मला नवा नाही," ती म्हणाली.
नायकवडींना वाटलं, बाईंचं व्याकरण चुकलं.
माझ्या हातातनं टेप सुटली,
सर्रकन आत गेली.

मग तिनं विचारलं,
पावसात न वाजणारी कुठली?
तिकडं पत्रा होता, म्हणाली.
जोराचा आला की मी मारलेल्या हाका
शेजारी जायच्या नाहीत.
त्याला ते माहीत होतं.
आभाळ भरून आलं की तो आधी दार लावायचा.

नायकवडींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
कोपऱ्यातनं एक काच ओढून पुढं आणली.
दोन पदरी, मधे चिकट पापुद्रा.
तडकली तरी जागा सोडत नाही, म्हणाले,
आणि आवाज... आवाज कमी येतो.
दर सांगताना त्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी ओट्याचा ग्रॅनाइट रद्द केला.
कडाप्पा चालतोय की.

राहिलं दुधी का स्वच्छ.
पोवारांच्या गच्चीतनं सगळं दिसेल, मी म्हटलं.
दिसू दे, शालन म्हणाली.
कुणाला तरी दिसायलाच पाहिजे होतं.

काच बसून आता दोन महिने झाले.
परवाच्या वळवात एका कडेनं ठिपकलं,
सिलिकॉन परत भरायला पोरगा गुरुवारी येतो म्हणाला,
कुठल्या गुरुवारी ते नाही.
ऊन आता पाचला येत नाही.
साडेबाराला सरळ वरनं पडतं, साडेचार बाय तीनचं,
आणि निम्मं निम्मं तर मुळीच नाही,
आधी सगळं तिच्याच खोलीत.
मला अजून थोडा राग येतो.

काल तिनं त्यात सांडग्यांचं ताट ठेवलं
आणि ऊन सरकेल तसं
ते पायानं,
चक्क पायानं, मी काही बोलले नाही,
ढकलत ढकलत
माझ्या उंबऱ्यापर्यंत आणलं.